नळीवरचे शेंदरी दगड

आमच्या चुलीखालून पेट्रोल जातं हे मला कळलं, तेव्हा मी भाकरी थापत होते. हे दारात आले आणि म्हणाले, "साहेब म्हणतायत, नळी बहुतेक इथूनच गेलीय."

"इथून म्हणजे कुठून?" मी विचारलं.

यांनी बोट दाखवलं ते थेट तव्याखाली. मी तव्याकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, आणि हातातली भाकरी तव्यावर टाकावी की नको हेच मला कळेना. शेवटी टाकली. साहेब जेवायला थांबणार होते.

जव्हार संस्थान विलीन होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. हे संस्थानाच्या मोटारखान्यातले. टेकाडावर पेट्रोलची टाकी, खाली रस्त्याकडेला पंप आणि दोघांना जोडणारी, जमिनीत पुरलेली लोखंडी नळी. हे सगळं सांभाळणाऱ्याला राहायला म्हणून उतारावर दोन खोल्या बांधून दिल्या होत्या. पुढची बसायची, मागची माझ्या चुलीची. संस्थान गेलं, टाकी राहिली आणि टाकीबरोबर आम्हीही राहिलो. दरबारच्या मोटारींऐवजी बांधकाम खात्याचे ट्रक पंपावर यायला लागले. पण यांची नोकरी नव्या सरकारात धरली की नाही, हे कुणी सांगेल तर शपथ. कुणालाही विचारा, उत्तर एकच, थांबा. आम्ही थांबलो होतो. नेमके कुणाचे म्हणून थांबलो होतो, ते मात्र विचारायची सोय नव्हती.

अशात तपासणीचे साहेब आले. मुंबईचे, गोरेपान, घामाने निथळणारे. त्यांच्याजवळ नियमांचं पुस्तक होतं आणि त्याच्या पानांत बोट घालूनच ते बोलत. पुरलेल्या नळीवर विस्तव नको. नळीवर खणायचं नाही. नळी कुठून गेलीय हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलं पाहिजे. हे सगळं ठीक, पण नळी कुठून गेलीय हे आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं! ती पुरणारा मिस्त्री कधीच निघून गेला होता. साहेबांनी गड्याला जागोजागी पहार मारायला लावली, आवाज ऐकला, आणि टाकीपासून पंपापर्यंत हवेत बोटाने एक रेघ ओढली. ती रेघ आमच्या मागच्या दाराने आत शिरली आणि पुढच्या दाराने बाहेर पडली.

"ह्या रेघेवर दगड रोवा. लाल रंग द्या," साहेब म्हणाले. "पावसाआधी मी परत येईन. नियमात बसलं तर टाकी चालू. नाही बसलं तर बंद."

टाकी बंद झाली तर टाकीवाल्याचं काय काम? आणि टाकीवाला नाही म्हटल्यावर या दोन खोल्यांत आम्हाला कोण राहू देणार? हे मला पुस्तक न वाचता कळलं. माझं पोट तेव्हा दिसायला लागलं होतं. यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, जमिनीकडेच पाहत राहिले.

जेवण झाल्यावर साहेब हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. चूल धगधगत होती. तिच्याकडे पाहत ते म्हणाले, "वहिनी, हे स्वयंपाकघर मी पाहिलेलं नाही."

मी बावळटासारखी म्हणाले, "अहो, पाहताय की."

"नाही," साहेब म्हणाले. "पाहिलेलं नाही."

ते गेल्यावर यांनी मला समजावून सांगितलं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माणूस भला होता. पण डोळ्यांसमोरची चूल न पाहणारा नियम कसला, हे काही माझ्या गळी उतरेना.

दगड ओढ्यातून आणले, रोवले. लाल रंग मात्र जव्हारच्या बाजारात मिळेना. नाशिकहून मागवू, पुढच्या ट्रकने येईल, असं करता करता दिवस चालले. शेवटी यांनी आपल्या डोक्याने उपाय काढला. दुकानातून शेंदूर आणला, घरातल्या खुरासणीच्या तेलात कालवला आणि एकेक दगड स्वतःच्या हाताने चांगला माखला. टेकाडापासून रस्त्यापर्यंत दगडांची ओळ झळकायला लागली. एक दगड मागच्या भिंतीला लागून, एक पुढच्या दाराशी. मी मोखाड्याची. माझ्या माहेरी शेंदूर लावलेल्या दगडाला कुणी पाय लावत नाही. मला चमत्कारिक वाटलं, पण मी गप्प बसले. म्हटलं, सरकारचं काम आहे, त्यांना कळत असेल.

बाजाराच्या दिवशी सकाळी दार उघडलं आणि मी तिथेच थबकले. दाराच्या दगडावर तांदूळ, फूल, आणि पुढ्यात पळसाच्या पानावर पेटती वात! वावर-वांगणी गावांकडची माणसं पहाटेपासून डोकीवर ओझी घेऊन येत होती. ओझं उतरवायचं, दगडापुढे वाकायचं, वात लावायची आणि बाजाराला जायचं. वर टाकीजवळच्या दगडाशी तर कुणीतरी धूप जाळला होता. नळीवर विस्तव नको म्हणून रोवलेले दगड, आणि जव्हारात त्या सकाळी सगळ्यात जास्त विस्तव त्यांच्यावरच!

यांची पाचावर धारण बसली. पाण्याची बादली घेऊन धावले आणि पहिल्याच दगडाशी थांबले. सगळ्यांदेखत देवापुढची वात विझवायची कशी?

"अरे, हा देव नाही!" हे ओरडले. "सरकारी दगड आहे, सरकारी!"

"बरा ना," एक म्हातारा शांतपणे म्हणाला. "सरकारी देव."

"खाली पेट्रोल आहे!"

"खाली कायबी असंल. वरती शेंदूर तूच लावलास ना?"

यांनी बादली खाली ठेवली. मी मागे धावले, तर आमच्याकडे लाकडाची मोळी घालणारी म्हातारी भिंतीजवळच्या दगडाशी उकिडवी बसलेली. मोळी बाजूला, हातात पेटती वात. भिंतीच्या अलीकडे ती, पलीकडे माझी चूल, आणि खालून नळी. माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "आजी, थांब! ह्या देवाला इस्तो चालत नाय!"

म्हातारी चपापली. तिने ती वात बोटांच्या चिमटीत दाबून विझवली. मग माझ्याकडे रागाने पाहून म्हणाली, "आधी सांगाया काय झाला, बाय?"

दुपारपर्यंत ते बाजारभर झालं. लोकांनी आपापल्या वाती विझवल्या. फुलं, तांदूळ, नारळ चालू राहिले, विस्तव मात्र गेला. ओळ ओलांडण्याआधी माणसं विडी विझवून कानावर ठेवायला लागली. पलीकडच्या शेतात एकाने भाताच्या रोपांसाठी राब भाजायला पालापाचोळा पसरला होता, तोही त्याने उचलून लांब नेला. यांना कोण आनंद! साहेबांच्या पुस्तकाने हे झालं नसतं म्हणाले. मला आनंद झाला नाही. मी देव केला होता की थाप मारली होती? आणि थाप असेल, तर सगळे तिच्याप्रमाणे वागत असताना ती थाप कशी?

पुढच्या बाजाराला म्हातारी मोळी घेऊन आली. आमच्या छपरातून धूर निघत होता. ती दगडांच्या ओळीपलीकडेच उभी राहिली, आत येईना.

"ह्या देवाला इस्तो चालत नाय सांगलास," ती म्हणाली. "मंग तुझी चूल कशी?"

मी म्हणाले, "साहेबांनी चालेल म्हटलंय."

"सायबाला चालंल गे. देवाला कसा चालंल?" तिच्या आवाजात राग नव्हता. ती माझ्या पोटाकडे बघत होती आणि खरोखर घाबरली होती. मोळी तिने ओळीबाहेरच ठेवली आणि निघून गेली.

मला असा संताप आला! आधी तिचा, मग यांचा, मग त्या भल्या साहेबांचा, शेवटी दगडाचा. चूल चालू ठेवावी, तर लोक म्हणणार, हिचा विस्तव चालतो मग आमच्या वातीने काय घोडं मारलंय? बंद करावी, तर खायचं काय? हे म्हणाले, "जरा वेळ मारून ने." वेळ मारून न्यायला सांगणाऱ्याला भाकरी थापायची नसते. मी तांब्याभर पाणी घेतलं आणि चुलीत ओतलं.

त्यानंतर ओळीपासून लांब, मोहाच्या झाडाखाली तीन दगडांवर स्वयंपाक. वारा सुटला की जाळ तिकडे आणि भांडं इकडे. धुराने डोळे चुरचुरायचे, आणि धुराच्या नावाखाली मी रडूनही घ्यायचे. पावसात काय करणार होते, देव जाणे. कुठला देव, तेही कळत नव्हतं.

एक दिवस म्हातारी चार-पाच बायका घेऊन आली. त्यांच्या डोक्यांवर कारवीच्या काठ्या होत्या. कुणी काही विचारलं नाही, मला बाजूला बसवलं. मोहाच्या झाडाजवळ त्यांनी कारवीचा कूड उभा केला, शेणामातीने सारवला, वर पेंढा घातला. चूल म्हातारीने स्वतः मांडली. "आता रांध," एवढंच म्हणाली.

पावसाआधी साहेब आले, पण एकटे नाही. बरोबर त्यांचे वरचे साहेब होते, काटकुळे, कुणाशी न बोलणारे. ते टाकीकडे गेलेच नाहीत, सरळ माझ्या स्वयंपाकघरात शिरले. आमच्या भल्या साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. वरच्या साहेबांनी खाली वाकून चुलीच्या पोटात हात घातला. चूल गार होती. मी ती सारवून वर धान्याचा डबा ठेवला होता.

"स्वयंपाक कुठे करता?"

मी झोपडी दाखवली. ते तिथवर पावलं मोजत गेले, परत आले, आणि खिशातून सिगारेट काढली.

"बाबा, हितं नाय," ओळीपलीकडून म्हातारी ओरडली.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, शेंदराकडे पाहिलं, नारळाच्या करवंट्यांकडे पाहिलं आणि सिगारेट खिशात ठेवली. "ठीक आहे," ते म्हणाले. टाकी राहिली, खोल्या राहिल्या.

निघताना आमचे साहेब मागे रेंगाळले. "वहिनी, बरं झालं. चूल हलवायला कुणी सांगितलं?"

मी तोंड उघडलं आणि गोंधळले. नियमाने? नियम तर साहेबांनीच बाजूला ठेवला होता. देवाने? तो माझ्याच तोंडून निघालेला. म्हातारीने? तिला मीच सांगितलं होतं. "मोळीवाल्या आजीनं," मी म्हणाले. त्यांना ती गंमत वाटली. हसत गेले.

संध्याकाळी नारळ घेऊन मी भिंतीजवळच्या दगडाशी गेले. तो देव नाही हे माझ्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. नारळ फोडला, हात जोडले, आणि कापूर लावायला सवयीने काडेपेटी उघडली. काडी बोटांत आली आणि तिथेच थांबली. मी पेटी बंद केली, ओळ ओलांडून झोपडीत ठेवून आले, आणि परत येऊन पुन्हा पहिल्यापासून हात जोडले.