गुरुवारचं पाणी

मी सख्ख्या काकांच्या तोंडावर खोऱ्याचा दांडा घातला, तेव्हा माझी पूर्ण खात्री होती. हे आधीच सांगून टाकते. मागाहून सांगितलं की ऐकणारे माझी कीव करायला लागतात, आणि मला त्याचा राग येतो.

सास्तूरच्या शिवारात आमची आणि काकांची विहीर एकच, मोटारही एकच. बुधवारी पाणी आमचं, गुरुवारी त्यांचं. अडचण आली तर वार बदलून घ्यायचा, आणि ज्यानं बदल मागितला त्यानंच तो मोडायचा, ही आजोबांपासूनची रीत. मी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी रूल इंजिन लिहिते, म्हणजे नियम आणि माहिती दिली की आपोआप निर्णय काढणारा प्रोग्राम. तसलाच एक विहिरीसाठी केला आणि मोटारीच्या पेटीतल्या जुन्या फोनवर चढवला. आज पाणी कुणाचं, हा निरोप तो रोज सकाळी दोन्ही घरांना धाडायचा; बदल ठरला किंवा मोडला की ज्यानं त्यानं आपल्या फोनवरचं बटण दाबून त्याला कळवायचं.

पण एखादी गोष्ट रद्द झाली की तो सगळे निर्णय पहिल्यापासून काढत बसायचा. फोन तापायचा, निरोप उशिरा यायचा, वडील टोमणे मारायचे. मग मी हुशारी केली. प्रत्येक निर्णयामागं किती कारणं आहेत, तेवढाच आकडा ठेवायचा. कारण गेलं की आकडा एकानं कमी, शून्य झाला की निर्णय रद्द. निरोप झटक्यात यायला लागले. मिशा नसताना मी आठवडाभर मिशांवर ताव देत हिंडत होते.

त्यातच काकांच्या मुलीला बघायला गुरुवारी पाहुणे येणार असं ठरलं. काकांनी आमचा बुधवार मागून घेतला आणि गुरुवार आम्हाला दिला. बुधवारी लाईटच आली नाही. गुरुवारी सकाळी फोन म्हणाला, आज पाणी तुमचं. मी विहिरीवर गेले तर मोटार चालू आणि पाणी काकांच्या रानात. आमचा हरभरा घाटे धरत होता, जमिनीला भेगा पडल्या होत्या. माझं डोकं फिरलं.

“पाव्हणं मंगळवारीच रद्द झालं की गं,” काका म्हणाले. “म्या फोनात बटन बी दाबलंय. आजचं पाणी माजंच हाय.”

मी फोन त्यांच्या नाकासमोर धरला. “मशीन खोटं बोलत न्हाय. बेइमानी करताव तुमी.”

त्यांनी हात झटकला, फोन चिखलात पडला. मी खोरं उचललं. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा डोळ्यावर. ते पाटात कोसळले, पाणी लाल झालं, तरी मी थांबले नाही. ओरडा ऐकून वडील धावत आले. काय झालं हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही, पडलेल्या भावाच्या छातीत लाथा घातल्या. बरगडी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं.

उमरग्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, डोळा गेला. पोलिसांना काका म्हणाले, विहिरीच्या पायरीवरून पडलो.

बाहेरच्या बाकावर बसून मी नोंदी उघडल्या. मंगळवारी संध्याकाळी, काकांच्या नंबरवरून: पाहुणे रद्द. बुधवार काकांचा, याला दोन कारणं होती: पाहुणे, आणि आम्हाला दिलेला गुरुवार. गुरुवार आमचा, यालाही दोन: पाहुणे, आणि त्यांनी घेतलेला बुधवार. पाहुणे गेल्यावर दोन्हीकडं एकेक कारण उरलं, आणि ते एकमेकांचंच. शून्य कुठंच झालं नाही. जुन्या, रेंगाळणाऱ्या प्रोग्रामनं हे पकडलं असतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला आत बोलावलं.

“मशीननं सांगितलं म्हंजी पाणी तुमचंच आसंल,” ते म्हणाले. “माजंच बटन नीट दाबलं गेलं नसंल, पोरी.”

गप्प बसता आलं असतं. वडिलांनी तसं बजावलंही होतं.

“काका, बटन बरुबर दाबलं हुतं,” मी म्हणाले. “मशीन चुकलं. म्या चुकले.”

त्यांनी डोळ्यावरच्या पट्टीवर हात ठेवला.

“आन् म्या तोंडानं सांगत हुतो,” ते म्हणाले, “ते गं?”