सूर्य नाकारायला लागलेला वेळ

अंधार आणि प्रकाश यांचा झगडा माणसाच्या अंतःकरणात अनादि काळापासून चालू आहे. निदान आमच्या नाटकाच्या फळ्यावर खडूने तसं लिहिलं होतं. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत तो झगडा गणपतीतल्या एका संध्याकाळी, आरतीनंतर, पाण्याच्या टाकीशेजारच्या मंडपात व्हायचा होता.

नाटक मी लिहिलं होतं. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. अंतराळाचं तेव्हा सगळ्यांनाच वेड होतं. एका ग्रहाचा सूर्य विझत चाललाय. प्रजा गारठून मरतेय. तमोलोकाचा सम्राट तिथल्या राजकन्येला म्हणतो, मी तुला नवा सूर्य देतो. तो शेजारच्या ग्रहावरून ओढून आणावा लागेल, तेवढी फक्त परवानगी दे. माझी राजकन्या ती देत होती, आणि पुढचा सगळा अंक त्याची किंमत मोजत होती.

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते. संहिता वाचून त्यांनी चष्मा काढला.

"नायिकेला मोह होतोच कसा?"

"सर, मोह झाला नाही तर नाटक पाच मिनिटांत संपेल."

"मग प्रसाद लवकर वाटता येईल. हे बघा, समोर लेकीबाळी बसणार. ती ताबडतोब 'नाही' म्हणेल. बाणेदारपणे."

"आणि तिची प्रजा? ती मरेल की थंडीने."

"ते नाटक संपल्यावर."

पुढचा अंक गेला. राहिला एक प्रवेश आणि एक 'नाही'.

सम्राट ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होता. जाता-येता बसमध्ये तो संवाद पाठ करी, त्यामुळे शेजारच्या सीटवरच्या बऱ्याच जणांना सूर्य देऊन झाला होता. त्याचं सिंहासन म्हणजे मंडपवाल्याची नवरानवरीला बसवायची लाल मखमली खुर्ची. तिला आम्ही सिगारेटच्या पाकिटांतला चंदेरी कागद चिकटवला. कागद कमिटीने पुरवला. कमिटी भरपूर सिगारेटी ओढायची.

राजकन्या अंबडच्या एका कारखान्यात टायपिस्ट होती. वडील नव्हते, ती आणि आई, दोघीच. अध्यक्षांनी तिच्यासाठी स्थळ आणलं होतं. मालेगावची कापडाच्या व्यापारातली मंडळी, मुलगा नाशिकला बँकेत. दाखवण्याचा वेगळा कार्यक्रम नको, नाटकालाच या, मुलगी आपोआप दिसेल, असं अध्यक्षांनी त्यांना कळवलं. लग्नानंतर नोकरी सोडायची, एवढी एकच त्यांची अट होती. तिच्या आईने ती ऐकताक्षणी मान्य केली आणि मला येऊन सांगितलं, "तेवढी ती चांगली दिसेल असं बघा हो." म्हणजे त्या संध्याकाळी पणाला लागलेली गोष्ट ग्रह वगैरे नव्हती, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

पाहुणे दुसऱ्या रांगेत बसले. पहिल्या रांगेत नगरसेवक होते आणि त्यांचं भाषण नाटकापेक्षा लांबलं. मी विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंगला.

सम्राट उभा राहिला. "राजकन्ये, मी तुला सूर्य देतो. बोल!"

ती बोलली नाही. तिने सम्राटाकडे पाहिलं. मग प्रजा म्हणून जमिनीवर बसवलेल्या, गोधड्या पांघरलेल्या चार बायकांकडे पाहिलं. ती विसरली असं वाटून मी हळूच म्हणालो, "नाही." तिने माझ्याकडेही पाहिलं. मी पुन्हा म्हणालो, "नाही!" हे मात्र पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मागून कोणीतरी ओरडलं, "घेऊन टाक की गं, फुकट देतोय!" हशा पिकला. तो ओसरल्यावर ती म्हणाली, "नाही." बाणेदारपणे नव्हे. गोधड्यांकडे पाहत.

टाळ्या पडल्या. पाहुणे प्रसाद न घेता उठले. चपला शोधताना मुलाची आई शेजारणीला म्हणत होती ते मी ऐकलं. "नाय म्हनायला इतका येळ लागतो का पोरीच्या जातीला?"

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष निरोप घेऊन तिच्या घरी आले. मी तिथेच होतो, राजकन्येचा मुकुट परत न्यायला.

"नकार आला," ते म्हणाले. "दिसायला पसंत आहे. पण त्यांचं म्हणणं, मुलगी विचार करते."

तिची आई रडू लागली. "अगं, एक शब्द होता. पटकन म्हणायला काय झालं होतं तुला?"

अध्यक्ष गेल्यावर मीही तेच विचारलं, जरा सौम्यपणे.

"दादा, सबंध सूर्य देत होता तो," ती म्हणाली. "आणि त्या बायका थंडीने कुडकुडत होत्या, तुम्हीच बसवलं होतंत त्यांना तिथे. थोडा तरी विचार नको का करायला?" मुकुटाचा चुरगळलेला कागद ती नखाने सरळ करत होती. "नोकरी सोडायला मात्र मी लगेच हो म्हणणार होते. तो संवाद मला चांगला पाठ होता."

मी मुकुट घेतला आणि निघालो.

उत्कृष्ट अभिनयाचा स्टीलचा डबा सम्राटाला मिळाला. राजकन्येबद्दल समारोपाच्या भाषणात अध्यक्ष म्हणाले की, तिने मोहावर विजय मिळवला, फक्त थोडा आधी मिळवायला हवा होता. पुढच्या वर्षी पौराणिक नाटक झालं. तिला विचारलं नाही. ती अंबडची बस धरत राहिली. तिच्या आईने माझ्याशी बोलणं सोडलं, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मुलगा मात्र रिकामा राहिला नाही. त्याच वर्षी तुळशीचं लग्न झाल्यावर महिन्याभरात त्याचं लग्न झालं, अध्यक्षांच्या भाचीशी. सगळ्या कॉलनीला आमंत्रण होतं. अध्यक्षांनी कन्यादान, संस्कार आणि भारतीय नारी यांवर थोडक्यात भाषण केलं. मंडपवाला आमचाच होता. नवरीच्या खुर्चीला मागच्या बाजूने सिगारेटचा चंदेरी कागद अजून चिकटलेला होता.