हवालदारांचा सत्कार

नवऱ्याला घरी आणायला निघालेल्या बाईनं त्याला स्वतःच्या हातानं परत पाठवलं, असं कुठं ऐकलंय का तुम्ही? नसेल ऐकलं. एवढी अक्कल एकट्या माझ्याकडेच आहे. चहा घ्या, सांगते.

आमचे हे फौजेत हवालदार. चोवीस वर्षं झाली नोकरीला. आता घरी यायचं, नाहीतर दोन वर्षं वाढवून घ्यायची, दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. आणि इकडं मला श्रीगोंद्याच्या कॉलेजात बी.एड.ला नंबर लागलेला. लग्नाच्या आधीपासून मनात होतं माझ्या. अडचण एकच, गोठ्यात दोन गाई. सासूबाईंचे गुडघे गेलेले, पोरगं दहावीला. सकाळी धार मी काढली की कॉलेजची एस.टी. निघून जाते. हे घरी आले तर धार ते काढतील, मी शिकीन. इतकं सोपं गणित.

पण यांना फोनवर विचारलं, की उत्तर ठरलेलं. "बघू."

"अहो, बघू काय? ॲडमिशन घ्यायला दोनच महिने राहिलेत."

"सुट्टीवर येतोय ना. आल्यावर बघू."

तोवर भावकीनं यांच्यासाठी नोकऱ्या वाटून टाकल्या होत्या. चुलत दीर म्हणाला, बँकेत बंदूक घेऊन बसायचं. मामा म्हणाले, माजी सैनिकांच्या जागा असतात, तलाठ्याची परीक्षा द्यायची. सासूबाई म्हणाल्या, "काय बी करू नगं म्हनावं. नुसता घरी ये. जेवू घालते." माझं बी.एड. मात्र एकाच्याही तोंडात नव्हतं.

मग मला सुचलं. आपल्याकडं फौजी रिटायर होऊन आला की गाव मिरवणूक काढतं, माहितीय ना? एकदा गावानं शाल-नारळ दिला की नोकरी वाढवून घ्यायला माणसाला तोंड राहत नाही. चार लोकांत दिलेला शब्द हे मोडायचे नाहीत, स्वभाव मला पाठ आहे. मी सरपंचांना गाठलं.

"भाऊजी, हे येतायत. मंदिरात छोटासा सत्कार करता येईल का?"

"रिटायर झालं का वहिनी?"

"झाल्यातच जमा आहेत."

छोटासा म्हणाले होते मी. पण तोंडावर निवडणूक आलेली, सरपंच थांबतायत होय? उघडी जीप आली. डीजे आला. शाळेची पोरं लेझीम घेऊन उभी केली. चौकात यांच्या फोटोचा फ्लेक्स लागला, त्यात यांच्यापेक्षा सरपंचच मोठे.

हे बिचारे दौंडला गाडीतून उतरून, काष्टीवरून टमटमनं आले. अंगात ट्रॅकपँट, पायात स्लीपर, हातात एक पिशवी. वेशीवर उतरतायत तोच हार गळ्यात पडला आणि जीपमध्ये चढवलं. माझ्याकडं बघून खुणेनं विचारतायत, काय चाललंय? मी पदर सावरत दुसरीकडं बघितलं.

एक म्हातारबाबा म्हणाले, "रिटायर झाला आन् पेटी न्हाई आनली?"

"मागनं येतीय," मी म्हणाले. एक खोटं बोललं की दुसरं पाठोपाठ येतंच.

मंदिरापुढं स्टेज. शाल झाली, नारळ झाला. माझं काम फत्ते. इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण सरपंचांनी माईक पुढं केला, "वहिनी, दोन शब्द." कॉलेजातल्या वक्तृत्व स्पर्धेनंतर पहिल्यांदा माईक हातात आलेला. समोर सगळं गाव. बोलत सुटले. म्हणाले, "चोवीस वर्षं मी माझा माणूस देशाला दिला." टाळ्या. पुढच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मला आणखी चेव आला. म्हणाले, "आणि देशानं आजही मागितला, तर हसत हसत परत देईन!"

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू. डीजेवाल्यानं मध्येच बिगुल वाजवला.

मग माईक यांच्याकडं गेला. चार माणसांत कधी न बोलणारा माणूस. डोळे भरलेले. म्हणाले, "गावानं एवढा मान दिला. घरच्या लक्ष्मीनं तुमच्या सगळ्यांसमोर परवानगी दिली. मग मी मागं कसा राहू? अजून दोन वर्षं देशासाठी देणार."

गाव उठून उभं राहिलं. मीच तेवढी मटकन खाली बसले.

घरी आल्यावर दार लावून घेतलं. "अहो, हे काय केलंत?"

"मी काय केलं? मी तर साहेबांना 'वाढवून नको' असं तोंडी सांगून आलो होतो. सुट्टी संपली की तसं लिहूनच देणार होतो. तुझं कॉलेज आहे ना. रस्ताभर विचार करत होतो, गाय मला जवळ येऊ देईल का नाही."

"मग आधी सांगायचं नाही?"

"समोर बसून सांगणार होतो. तू उतरू दिलंस का? मला वाटलं, तुझं मन बदललं."

"मग फिरवा ना शब्द."

"गावासमोर? शाल घेऊन? आता कुठल्या तोंडानं सांगू?"

हेच तर मी ठरवलं होतं ना. शब्द मोडता येऊ नये म्हणून चांगला मजबूत फास केला, आणि मान माझीच अडकली. सासूबाई बाहेरून म्हणाल्या, "आगं, बोलत काय बसलीस? धारंचा टाइम झालाय."

सुट्टी संपली, हे गेले. जाताना मला म्हणाले, "बी.एड.चं काय करतेस?" मी म्हणाले, "बघू."

आता गावात जो तो म्हणतो, हवालदारांना दोन वर्षं वाढवून मिळाली. मला कुणी विचारत नाही, पण मिळाली मलाही. त्यांना सीमेवर, मला गोठ्यात. आणि दोघांची शिफारस मीच माईकवरून केलीय.