चाकांवरच्या घराचे मागचे दिवे

गोंदियाजवळच्या आमच्या कामठ्यात असं एकही घर नाही, ज्याच्या अर्थिंगच्या खड्ड्यात माझ्या भाऊजींनी पाणी ओतलेलं नाही. हे विधान मी तपासून घेतलं आहे. एक घर सुटलं असावं असा संशय होता, कारण त्याचे मालक नागपूरला राहतात आणि फाटकाला कुलूप असतं. पण कुंपणावरून पाण्याचा पाइप आत गेलेला शेजारच्या बाईंनी पाहिला आहे. भाऊजी म्हणजे माझ्या चुलतबहिणीचे, ताईचे यजमान, वीज खात्यातून निवृत्त झालेले लाइनमन. कुठेही पाहुणे म्हणून गेले, की घरची बाई पाण्याचा तांब्या पुढे करते आणि भाऊजी विचारतात, “अर्थिंगले टाकलं का पाणी?” उत्तराची वाट न पाहता ते तांब्या घेऊन मीटरच्या मागे जातात आणि खड्ड्यातली माती ओली करतात. स्वतः पितात ते दुसऱ्या तांब्यातलं. “माणूस एक दिवस कोरडा राहते, अर्थिंग नाही राहत,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

बंद असलेल्या विजेवर त्यांचा विश्वास नाही. लाइन बंद आहे असं कोणी सांगितलं, की ते त्यालाच म्हणतात, “मंग लाव हात.” बहुतेक लोक हात लावत नाहीत, आणि भाऊजींना त्यात सगळं उत्तर मिळतं. लग्नात ते जेवणाआधी मांडवामागे जाऊन वायरींचे सांधे तपासतात. त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नातही हेच झालं. पाठवणीच्या फोटोत सगळे आहेत, ताई डोळे पुसते आहे, आणि डाव्या कोपऱ्यात खांबामागून फक्त एक हात दिसतो. त्यात काळी टेप आहे. तो फोटो चौकटीत घालून बैठकीत लावलेला आहे. ताई आल्यागेल्याला तो हात दाखवते आणि म्हणते, “हे पोरीचे बाबा.”

लग्नाच्या पहिल्या वर्षी भाऊजींनी ताईला बोदलकशाच्या तलावाकाठी एक रात्र मुक्कामाला न्यायचं कबूल केलं होतं. निघायच्या दिवशी वादळात तारा तुटल्या आणि ते खांबावर गेले. पुढे प्रत्येक वर्षी कुठली ना कुठली तार तुटत राहिली. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी ट्रॉली घेतली आणि गोंदियाच्या वेल्डरकडून तिच्यावर पत्र्याची खोली चढवली. आत पलंग, गॅसची शेगडी, जाळीची खिडकी, ताईच्या जुन्या लुगड्याचा पडदा. जीपमागे ओढायचं हे चाकांवरचं घर तयार व्हायला तीन वर्षं लागली. तेवढ्यात ताईचे गुडघे गेले. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि सांगितलं की नंतर बरेच महिने चढउतार बंद. तारखेआधी एकच शनिवार उरला होता.

ताईची अट एकच होती. धान कापणीच्या दिवसांत आमच्या रस्त्यावर लाइट नसलेल्या ट्रॉल्या जातात, आणि अशा एका ट्रॉलीवर मागून मोटरसायकल आदळलेली तिने दारातून पाहिली होती. “मागचे लाइट बरोबर लागल्याबिगर मी जीपमंदी पाय नाही ठेवत,” ती म्हणाली. जुने बल्बचे दिवे गंजले होते. भाऊजींनी ते काढून नवे एलईडीचे बसवले, आणि गुरुवारी संध्याकाळी चाचणी झाली. ते जीपमध्ये, ताई ट्रॉलीमागे प्लास्टिकच्या खुर्चीवर, मी मध्ये उभा.

“डावा?” भाऊजींनी इंडिकेटर देऊन विचारलं.

“डावा लागून राहिला. उजवाबी लागून राहिला.”

“मी डावाच देल्लो ना!”

“मंग मी का करू? दोन्ही मिचकून राहिले.”

ब्रेक दाबला की मागचे लाल दिवे उजळण्याऐवजी मंद होत. एलईडीला वीज कमी लागते, म्हणून भाऊजींनी आधी जीपचा इंडिकेटर मिचकवणारा फ्लॅशर बदलला. मग जीप आणि ट्रॉली जोडणारा सॉकेट बदलला. शुक्रवारी दुपारी दिवेच खोटे ठरवून गोंदियाहून दुसरी जोडी आणली. दर वेळी ते चाचणीचा छोटा बल्ब घेत, त्याची एक वायर जीपच्या बॅटरीच्या ऋण टोकाला चिमट्याने लावत आणि दुसरी दिव्याच्या वायरीला टेकवत. बल्ब लख्ख लागे. ट्रॉलीचे दिवे मात्र एकमेकांकडे पाहून मिणमिणत. बिरसीच्या विमानतळावरून उडालेलं शिकाऊ वैमानिकाचं छोटं विमान डोक्यावरून गेलं तेव्हा भाऊजींनी मान वर केली. “पाह्य, त्याले तर जमीनच नाही. तरी लाइट लागून राहिले.”

“तुम्ही काऊन नाही विचारून येत त्याले?” ताई म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी दुसरी जोडीही तशीच वागली. भाऊजी पायरीवर बसले. स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, “पुढच्या साली जाऊ.” हे वाक्य ताईने आयुष्यभर ऐकलेलं होतं. ती खुर्चीतून पुढे वाकली. मग म्हणाली, “साऱ्या कामठ्याच्या अर्थिंगले पाणी देल्लं तुम्ही. ह्या गाडीच्या अर्थिंगचं का केलं?”

भाऊजी उठले आणि ट्रॉलीखाली वाकले. ट्रॉलीच्या दिव्यांची परतीची वायर लोखंडी सांगाड्याला बोल्टने कसलेली होती. तो सांगाडा त्यांनी दसऱ्याच्या पूजेसाठी आकाशी रंगाचे तीन थर देऊन चकचकीत केला होता, बोल्टाच्या भोकांसकट. वायर लोखंडाला लागलेलीच नव्हती, ती रंगाला लागली होती. विजेला परतीची वाट मिळेना, म्हणून ती शेजारच्या दिव्यातून वाट काढत होती. चाचणीच्या बल्बाला ती वाट बॅटरीकडून मिळत होती, म्हणून तो प्रत्येक वेळी खरं सांगूनही फसवत होता. भाऊजींनी पेचकसाने रंग खरवडला, बोल्ट पुन्हा आवळला आणि जीपमध्ये जाऊन बसले.

“डावा?”

“डावा. फक्त डावा.”

“ब्रेक?”

“लख्ख.”

शनिवारी दुपारी ते निघाले. बोदलकशाला एक रात्र राहिले आणि रविवारी परत आले. तिथे काय पाहिलं असं मी विचारलं, तेव्हा ताई म्हणाली, “पाणी पाह्यलं. अन् हे माणूस पूर्ण रात्र एकाच जागी पाह्यलं.”

ऑपरेशनला आता पाच महिने झाले. ट्रॉली अंगणात उभी आहे. तिच्या दाराच्या शिडीला चार पायऱ्या होत्या. भाऊजींनी त्या कापून अर्ध्या उंचीच्या आठ करून घेतल्या आहेत. दिवेलागणीला ते रोज मागचे दिवे लावून पाहतात आणि ताई खुर्चीवरून सांगते. परवा मी गेलो तेव्हा मात्र खुर्चीवर भाऊजी होते आणि ताई दांडा धरून शिडीच्या पायरीवर पाठमोरी उभी होती.

“किती?” भाऊजींनी विचारलं.

“तीन,” ताई म्हणाली.

“घाई नको करू,” ते म्हणाले. मग मला पाहून उठले आणि बादली घेऊन मीटरच्या मागे गेले.