भूत हाय, पण त्रास न्हाई

बिदरला लागून असलेल्या नौबादच्या एसटीडी बूथवाल्या अक्का कुणाच्याही हातात पुस्तक ठेवताना एकच हमी द्यायच्या : "भूत हाय, पण त्रास न्हाई." समोर लॉरीचा क्लीनर असो, दवाखान्यातला कंपाउंडर असो, की पुण्याच्या मुलाच्या फोनची वाट बघत बसलेले जुने तलाठी असोत. घेणारा आधी हसायचा, मग पुस्तक उलटून बघायचा आणि शेवटी काखोटीला मारून न्यायचा. नको म्हणून परत ठेवलेलं मी तरी फार वेळा पाहिलं नाही.

अक्कांना आवडायची ती भुताच्या प्रेमाची गोष्ट. मेलेला माणूस आपल्या माणसासाठी परत येतो, कुणाला झपाटत नाही, कुणाचा गळा धरत नाही. फार तर खिडकीशी उभा राहतो, पडलेली ओढणी उचलून ठेवतो. आणि शेवट चांगला हवा. रडवून संपणारी गोष्ट त्यांना चालायची नाही. "मेल्यावर तरी माणसाचं बरं व्हावं की," असं त्या म्हणायच्या.

ही पुस्तकं यायची पुण्याहून, रद्दीच्या भावानं. अक्कांचा भाऊ पुणे-हैदराबाद लॉरीवर होता. तो सुतळीनं बांधलेला गठ्ठा हुमनाबादच्या एका ढाब्यावर ठेवून पुढं जायचा आणि तिथून ओळखीचा कंडक्टर तो बिदरच्या बसमध्ये टाकून आणायचा. बहुतेक पुस्तकांना वरचं पान नसायचं, काहींना शेवटची पानंही नसायची. शेवट नसला की अक्का फोनसाठी थांबलेल्या लोकांना गोष्ट सांगायच्या आणि शेवट त्यांच्याकडून करून घ्यायच्या. एकदा शेजारचे टेलरचाचा आणि कंपाउंडर यांची एका भुताच्या लग्नावरून एवढी जुंपली की केबिनमधून फोन करणारा माणूस दार उघडून म्हणाला, "जरा हळू मरा की हो."

अक्कांच्या खुर्चीमागं, फोनच्या मीटरच्या वर, भिंतीवर कॅलेंडर असायचं. आमच्याकडं त्या चौकोनांत दुधाचे खाडे मांडतात. अक्का त्यात वाचलेली पुस्तकं मांडायच्या. ज्या दिवशी पुस्तक संपलं त्या दिवसाच्या चौकोनात बारीक अक्षरात भूत कोणतं ते लिहायचं आणि पुढं शेरा. नाव लिहून उपयोग नव्हता, कारण बऱ्याच पुस्तकांचं नाव कुणालाच ठाऊक नसायचं. 'पोस्टमनचं भूत, गोड.' 'कॉलेजच्या जिन्यातली, बरी.' ज्यात प्रेम नाही, नुसत्या किंकाळ्या, त्यापुढं 'नुसतंच भूत' एवढा शेरा पडायचा. अक्कांच्या दृष्टीनं त्याहून मोठी शिक्षा नव्हती.

एकतीस डिसेंबरला बूथवर नव्या वर्षाचे फोन लावायला गर्दी असायची. त्या गर्दीत अक्का जुनं कॅलेंडर काढून पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायच्या आणि शेवटी 'वर्षाचं भूत' जाहीर करून पेढे वाटायच्या. मग कॅलेंडरची सुरळी करून, दोरा बांधून, कपाटावर ठेवून द्यायच्या. ती सुरळी कपाटावर गेली की आम्हाला वर्ष संपल्यासारखं वाटायचं.

मी तेव्हा बिदरला बी.ए. करत होते. आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती, पुढं थोडी शेती आणि दुसऱ्याच्या रानात मजुरी. कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. नौबादला भालकीच्या दोघी मुलींबरोबर खोली घेऊन राहायचे आणि भालकीकडच्या मेहकर या आमच्या गावाहून घरचा निरोप अक्कांच्या फोनवर यायचा. अशीच एकदा फोनची वाट बघत उभी असताना अक्कांनी विचारलं, "काय वाचायलीस सध्या?" मी अभ्यासाच्या पुस्तकांची नावं सांगितली. "ते न्हाई गं. आपल्या मनानं काय वाचायलीस?" मी पुन्हा अभ्यासाचंच एक नाव सांगितलं. त्यांनी एक बिनकव्हरचं पुस्तक पुढं केलं. हमी दिली. आणि वर एक अट घातली : पुस्तक परत करताना त्याबद्दल एक वाक्य बोलायचं. दोन नकोत, पण एक पाहिजे.

ती गोष्ट रेल्वेच्या फाटकवाल्याची होती. गाडी नसतानाही तो रोज सकाळी फाटक पाडायचा, कारण त्या वेळी शाळेतल्या बाई सायकलवरून जायच्या आणि फाटक पडलं की घडीभर थांबायच्या. तो मेल्यावरही फाटक पडायचं राहिलं नाही. मी ती गोष्ट एका बैठकीत वाचली आणि दुसऱ्या दिवशी परत करायला गेले. बूथवर चार माणसं होती. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मनात पुष्कळ होतं, पण तोंडातून शब्द निघेना. घरात, वर्गात, मला कधी कुणी 'तुला काय वाटतं' असं विचारलेलं नव्हतं. अक्का पेन उघडून थांबल्या, मग त्या दिवसाच्या चौकोनात त्यांनी शांतपणे लिहिलं, 'फाटकवाला. पोरगी बोलली न्हाई.'

मला ते फार लागलं. पुढच्या वेळी मी खोलीवरून वाक्य पाठ करून गेले. त्यानंतर केव्हातरी पाठ करणं सुटलं. टेलरचाचा म्हणायचे, "भूत अच्छा है, बातां भौत करता," तर मी त्यांच्याशी वादही घालू लागले. बूथवर. घरी गेले की पुन्हा मुकी.

अक्का बौद्ध. त्यांच्या सासऱ्यांनी तरुणपणी दीक्षा घेतलेली. संध्याकाळी वंदना झाली की ते बूथवर येऊन बसायचे आणि पुस्तकांच्या गठ्ठ्याकडं बघून कुरकुरायचे : देवरुशी सोडला, गंडेदोरे सोडले, अन् आता सून दुकानात भुतं भरायलीय. अक्का म्हणायच्या, "मामा, मानत न्हाई. वाचते." हे संभाषण इतक्या वेळा झालं होतं की दोघंही ते न बघता बोलायचे. पण एका संध्याकाळी सासऱ्यांनी घसा खाकरून हळूच विचारलं, "त्या पोस्टमनचं पुढं काय झालं मग?" अक्कांनी हसू आवरलं आणि पुस्तक त्यांच्या पुढ्यात सरकवलं.

अक्कांचे यजमान पुण्याला कारखान्यात होते. वर्षातून दोनदा यायचे, एरवी रविवारी फोन. त्या फोनला अक्का केबिनमध्ये जाऊन दार लावून घ्यायच्या. बूथ स्वतःचा, तरी ओळीत उभ्या राहून. मी एकदा विचारलं होतं, सारखी भुतांचीच पुस्तकं कामून वाचता? त्या म्हणाल्या, "भुताला सुट्टी मंजूर करून घ्यावी लागत न्हाई बघ. वाटलं की येतंय." आणि लगेच दुसऱ्याच्या बिलाकडं वळल्या.

मी दुसऱ्या वर्षाला असताना, परीक्षा जवळ आली तशी माझी झोप गेली. जेवण जाईना. पाठांतर पुटपुटत फिरायची सवय लागली. दोन दिवस घरी जाऊन यावं म्हणून मेहकरला गेले आणि हापशावर चक्कर येऊन पडले. घरी नेऊन माझी पिशवी उघडली तर वर अक्कांचं पुस्तक. नेमकं त्याला कव्हर होतं, आणि कव्हरवर केस मोकळे सोडलेली, पांढऱ्या साडीतली बाई. आत्यानं ते बघून कपाळावर हात मारला. आईला वाचता येत नव्हतं, पण चित्र कळत होतं. पोरीला बाहेरचं झालंय, हे संध्याकाळपर्यंत ठरलं. येत्या अमावास्येला देवरुशाकडं न्यायचं आणि कॉलेज बास. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, होकाराची मान हलवली. मी भिंतीला टेकून सगळं ऐकत होते. मला नाही म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. माझ्या भावानं सरपंचांच्या घरून अक्कांना फोन करून कळवलं की बहीण आता येणार नाही, तिची पेटी बांधून ठेवायला खोलीवर सांगा.

अक्कांनी बूथ कधी बंद ठेवलेला मला माहीत नव्हता. त्या गुरुवारी ठेवला. दुपारच्या बसनं त्या मेहकरला उतरल्या, काखेत गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची सुरळी. दारात उभं राहून त्यांनी आपलं गाव, आडनाव आणि नौबादचा पत्ता सांगितला. मग म्हणाल्या, "आम्ही बौद्ध आहोत, मावशी. चहा ठेवणार असाल तर बसते. न्हाई तर उभ्यानं बोलते." आई क्षणभर चुलीकडं बघत राहिली. अप्पांनी वळत असलेला कासरा थांबवला. मग आईनं पातेलं चढवलं आणि कपबशा काढल्या, सगळ्या एकाच फळीवरच्या.

चहा झाल्यावर अक्कांनी चौकशी सुरू केली. वैद्यानं नाडी बघावी तशी.

"काय करतंय भूत?"

"जेवू देईना," आई म्हणाली. "झोपू देईना. एकटीच बोलायलीय. हाक मारली तर दचकतीय."

अक्कांनी सुरळी सोडली आणि कॅलेंडर आईसमोर अंथरलं. एकेका चौकोनावर बोट ठेवत त्यांनी वर्षभराची भुतं आईला सांगितली : हे पोस्टमनचं, पत्रं पोचवतंय. ही जिन्यातली, गाणं म्हणतीय. हे डॉक्टरचं, मेल्यावरबी गोळ्या देतंय. आत्या उठून जाणार होती, ती बसली. सगळी पानं संपल्यावर अक्का म्हणाल्या, "मावशी, इतकी भुतं वाचली, पोरीचं जेवण तोडणारं एकबी न्हाई सापडलं. हे भूत न्हाई, परीक्षा हाय. मार्चात लागतंय, एप्रिलात सुटतंय. अन् अंगात रगत कमी असंल, ते भालकीच्या डॉक्टरला दाखवा."

आत्या खुदकन हसली. आई नाही हसली. तिनं थेट विचारलं, "तुम्ही मानता का भुतं?"

"न्हाई."

"मग वाचता कामून?"

अक्कांनी कॅलेंडरची पानं सरळ केली. "जित्तेपणी ज्यांचं बोलायचं ऱ्हाऊन गेलंय ना, ते त्यात येऊन बोलतेत," त्या म्हणाल्या. "म्हणून." मग माझ्याकडं वळल्या. "आता तू. पुस्तक परत करायलीस न्हवं? एक वाक्य पाहिजे."

अप्पा बघत होते, आई बघत होती. बूथवरच्या चार माणसांपेक्षा ही माणसं मला जड होती. अक्का पेन उघडून थांबल्या होत्या, पहिल्या दिवशी थांबल्या होत्या तशाच. त्यांनी मदत केली नाही, शब्द सुचवला नाही.

"मला परीक्षेला बसायचंय," मी म्हटलं.

एवढंच. पण घरात मोठ्यानं म्हटलेलं माझं ते पहिलं वाक्य असावं. अप्पा खाली बघून कासरा वळू लागले. वळता वळताच म्हणाले, "तोंड हाय की पोरीला." मग आईकडं न बघताच त्यांनी विचारलं, भालकीचा डॉक्टर सकाळी असतो का दुपारी.

डॉक्टरनं रक्त कमी असल्याचं सांगून गोळ्या दिल्या. अमावास्या आली आणि गेली. देवरुशाकडं मला कुणी नेलं नाही, फक्त परीक्षा होईपर्यंत कव्हरवाली पुस्तकं द्यायची नाहीत असं आईनं अक्कांकडून कबूल करून घेतलं. मी नौबादला परतले तेव्हा बूथवर कुणी नव्हतं. नव्या कॅलेंडरवर त्या गुरुवारच्या चौकोनात लिहिलेलं होतं, 'मेहकर. पोरगी बोलली.' पुढं शेरा होता, 'गोड.' त्या वर्षीच्या एकतीस डिसेंबरला 'वर्षाचं भूत' म्हणून बी.ए. दुसऱ्या वर्षाची परीक्षा जाहीर झाली आणि पहिला पेढा सासऱ्यांनी माझ्या हातावर ठेवला.

पुढं खिशाखिशात मोबाइल आले. बूथवरची बाकं रिकामी झाली. काचेच्या केबिनमध्ये अक्कांनी पुस्तकांचे गठ्ठे रचले आणि फोनसाठी नाही तर पुस्तकासाठी येणारे तेवढे येत राहिले. सासरे गेल्यावर त्या पुण्याला यजमानांकडं निघाल्या. भावाचीच लॉरी आली होती. सामान थोडं होतं. कॅलेंडरच्या सुरळ्या मात्र त्यांनी स्वतः मांडीवर घेतल्या. टेलरचाचांनी त्यांना गोधडीच्या कापडाची खोळ शिवून दिली होती. मी तेव्हा कलबुर्गीला एम.ए. करत होते, मुद्दाम आले होते. मी रडेन असं वाटलं होतं. अक्का लॉरीच्या केबिनमधून वाकून म्हणाल्या, "तोंड कामून पाडलीस? म्या काय मेले व्हय? अन् मेले तर तुझ्याकडंच येते. त्रास न्हाई द्यायची." लॉरी हुमनाबादच्या रस्त्याला लागेपर्यंत मी हसतच होते.

आता कलबुर्गीला माझ्या होस्टेलच्या भिंतीवर कॅलेंडर आहे. शेजारच्या कन्नड मुली चौकोनांत काय लिहिलंय ते विचारतात आणि मी त्यांना कन्नडमधून भुतं सांगते, अडखळत, पण सांगते. अक्का रविवारी फोन करतात आणि 'कशी आहेस' याच्या आधी 'काय वाचायलीस' असं विचारतात.

गेल्या सुट्टीत मेहकरला होते. आई तुरीची डाळ निवडत होती. हातातलं काम न थांबवता म्हणाली, "एखादं भूत सांग की." मी फाटकवाल्याची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून. गोष्ट संपल्यावर तिनं सुपातला खडा काढून बाजूला टाकला.

"त्या बाईला ठाव होतं का, गाडी न्हाई म्हणून?"

"होतं."

"तरी थांबायची?"

"थांबायची. पुढं पुढं फाटक उघडं असलं तरी थांबायची."

आईनं सूप पाखडलं, डाळ डब्यात ओतली, झाकण लावलं.

"लिही," ती म्हणाली. "गोड."