उन्हाकडे पाठ

मुलांनो, पान न तोडता, त्यावरून परतणाऱ्या उजेडावर हिरवेपणा मोजणाऱ्या यंत्राचा फोटो तुम्ही काल पाठवलात, म्हणून हे लिहिते. बहात्तरच्या दुष्काळात मी शेतीच्या प्रयोगशाळेत होते; पानं वाटून हिरवा अर्क काढायचा आणि तो तपासायचा, हे माझं काम. कोपरगावजवळ एका बाईंनी घागरीने पाणी घालून लिंबाची रोपं जगवली होती. पानं फिकट असली तरच खत द्यायचं होतं. एवढ्याशा ओलीत उगाच दिलेल्या खताने रोपं करपली असती. मी पान खुडायला गेले तशा त्या कडाडल्या, "धा पानांचं रोप हाय बाई, त्यातली चार तुमी नेनार व्हय?" मग मी हिरव्या छटा रंगवलेलं कार्ड पानाशेजारी धरलं. समोरच्या उन्हाने पान आरपार उजळलं होतं. "फिकट आहे, खत घाला," मी म्हणाले. त्या हसल्या. "लुगडं घेताना असंच उन्हाकडं तोंड करून रंग बघता का? पाठ फिरवा." पाठ फिरवली, तर पान सर्वांत गडद पट्टीशी जुळलं! खत घातलं नाही; रोपं जगली. ते कार्ड अजून माझ्या कपाटात आहे. फिकट पट्ट्यांचा रंग उडाला, गडद तेवढी राहिली आहे.