ऐकून घेणारे पाळकसाहेब

पाळकसाहेबांचे वडील पत्र्याच्या पेट्या बनवायचे. मिसरूड फुटेपर्यंत मुलगाही त्या कारखान्यात शेजारी बसून हातोडी चालवत होता. पुढे तो धर्मशास्त्र शिकला, अँग्लिकन चर्चचा पाळक झाला. कान मात्र कारखान्यातच राहिले. चाळिशीत माणसांचं बोलणं भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटू लागलं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बायकोला वाटायचं, नवरे असेच असतात.

गंमत म्हणजे त्यांचं नाव झालं ते ऐकण्यासाठीच. चर्चमागच्या खोलीत वेताच्या दोन खुर्च्या होत्या. लोक तिथे येऊन मन मोकळं करत. पाळकसाहेब त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत आणि शेवटी म्हणत, "देवाला सगळं माहीत आहे." मधे तोंड घालणं नाही, उपदेश नाही. बिशपांच्या आग्रहावरून त्यांनी ऐकण्याच्या साधनेवर पुस्तक लिहिलं. ते धो धो खपलं. मग सत्कार झाला. बिशपांनी भर सभेत विचारलं, "पुढचं पुस्तक कशावर?"

"देवाला सगळं माहीत आहे," पाळकसाहेब म्हणाले.

टाळ्या पडल्या. बायकोने मात्र दुसऱ्याच दिवशी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

यंत्र बसलं. रविवारी गायकवृंद ऐकून पाळकसाहेबांचा चेहरा पडला. मग शिंपीणबाई आल्या आणि नेहमीप्रमाणे सुनेचं गाऱ्हाणं सुरू झालं. पाळकसाहेबांना राहवेना. "अहो, पण यात चूक तर तुमचीच दिसतेय!"

शिंपीणबाई ताडकन उठल्या. "यंत्र लावल्यापासून तुम्हाला ऐकू येईनासं झालंय!"

पुढे जो येई त्याला असंच काहीतरी ऐकावं लागे, आणि समोरची खुर्ची ओस पडली. पाळकसाहेबांना ते फार लागलं. एका रविवारी त्यांनी प्रवचनातच सांगून टाकलं, "इतकी वर्षं मला काहीच ऐकू येत नव्हतं."

"ते माहीत होतं हो," शिंपीणबाई बाकावरूनच म्हणाल्या. "म्हणून तर बिनघोर बोलायचो!"

सगळं चर्च हसलं. पाळकसाहेबही हसले, जरा उशिरा.

हळूहळू लोक परत येऊ लागले. आता सगळं स्वच्छ ऐकू यायचं आणि तरी गप्प बसायचं. पहिल्या दिवशी ते घरी आले ते गाल चोळतच.

"अगं, जबडा दुखतोय. गप्प राहून ऐकणं फार अवघड असतं."

"खरंय," बायको म्हणाली. "आता बसा. मला बरंच बोलायचंय."